खवलं

मनोरीत आमचं घर शेवटचं.
पुढे तिवरं, मग खाडी, मग मार्व्याचा धक्का,
आणि धक्क्यामागे ती मुंबई,
जिला आम्ही अजून ‘तिकडं’ म्हणतो
आणि घरपट्टी मात्र तिलाच भरतो.

पप्पा आठवडाभर गोदीत फिटर,
रविवारी ट्रंपेट.
बेनित होड्यांची इंजिनं ऐकायचा:
डोळे मिटून सांगायचा, आली जुझेची, गेली पास्कूची,
आणि ही कुणाची, हिला तेल हवंय.
आय काहीच वाजवायची नाही.
फुगे तळताना कढईचा आवाज बदलला
की खुर्चीतूनच म्हणायची, काढ गं, झाले.

आणि फेलूमामा.
त्याला वाजवता येत नव्हतं, गाता तर त्याहून नाही.
त्याचा छंद एकच, सूर उतरवून घ्यायचे.
मासळीच्या हिशेबाच्या जुन्या वहीत,
बोंबील इतके, सुरमई इतकी, बाकी येणे,
त्याच पानाच्या मागे
पट्टी धरून पाच रेघा,
आणि रेघांवर दौतीतले काळे थेंब,
एकेक, जीभ दातांत धरून.

उंबराच्या पाण्याला वाजवायची चाल
त्यानं अशीच एका रात्री उतरवली.
पप्पांनी वाजवून पाहिली, थांबले.
इथं एक सूर जास्त आहे, फेलू.
लिहिलंय तसं वाजव, मामा म्हणाला.
मग पप्पांनी तसंच वाजवलं,
क्लॅरिनेटवाल्यानं त्यांचं ऐकून, ढोलवाल्यानं
एक टिपरू वाढवून,
आणि त्या वर्षीच्या तिन्ही लग्नांत
करवल्या विहिरीकडे जाताना
त्या जास्तीच्या सुराशी अर्धं पाऊल थबकल्या.
पुढच्या वर्षी थबकणं ही रीतच झाली.

मी अकरा वर्षांची असताना
पप्पांचा पुढचा दात पडला.
हसू नका. ट्रंपेटवाल्याचा दात म्हणजे
होडीचं सुकाणू.
कवळी आली, पण फुंकर बाजूनं निसटायची.
ट्रंपेट खिळ्याला गेलं, आलतारीशेजारी,
आणि आय दर शनिवारी
आधी सायबिणीला पुसायची, मग त्याला.

मी ते उतरवलं तेव्हा कुणी काही बोललं नाही.
शेजारी मात्र बोलले.
म्हणून मी ओहोटीला तिवरांत जाऊन वाजवायचे,
चिखलात पाय, वर बगळे,
आणि पहिले चार महिने बगळेसुद्धा उडायचे.
घरी आले की पप्पा
सुरीनं वांग्याचे देठ काढत विचारायचे,
आज दुसरी ओळ घसरली ना?
खाडीवरून ऐकू येतं, म्हणायचे.
वारा तर उलटा असायचा.

चाल शिकायला वही काढली.
पान पिवळं, कोपरा वाळवीनं खाल्लेला,
आणि ट्यूबखाली धरल्यावर
तिसऱ्या रेघेवरचा एक थेंब चकाकला.
नखानं उचलला. सहज निघाला.
खवलं होतं. बहुधा रावसाचं,
शाईच्या बोटानं काळवंडलेलं,
एकवीस वर्षं सूर म्हणून बसलेलं.

पप्पा इतके हसले की कवळी हातात आली.
आयनं खवलं काड्यापेटीत ठेवलं.
बेनित म्हणाला, मला ठाऊक होतं,
आणि अर्थातच त्याला ठाऊक नव्हतं.
फेलूमामाला सांगायचं ठरलं,
पण तोवर तो कपेलाच्या मागच्या मातीत
दोन पावसाळे जुना झाला होता.

मग फिलूचं लग्न.
संध्याकाळ, डोक्यावर घागरी, सगळा गाव विहिरीकडे,
आणि बॅंडच्या पुढे मी, सोळा वर्षांची,
ओठ सुकलेले.
आदल्या रात्री पप्पांना विचारलं होतं,
खरं वाजवू की आपलं?
ते म्हणाले, तुझ्या हातात आहे,
आणि उजेड बंद केला.

ती जागा आली.
मी पाहिलं, करवल्यांची पावलं
आधीच अर्धी उचललेली,
आणि पुढच्या घागरीखाली आय,
जिला काहीच वाजवता येत नाही,
थांबून राहिलेली.

मी खवलं वाजवलं.