हाडीमाशी

सहभागी क्रमांक सदतीस. नाव लिहायचं नाही,
असा नियम आहे. म्हणून इथे लिहिते:
आउलिस हिएताला, होड्या बांधणारा,
तुर्कूपासून दूर, समुद्रातल्या एका बेटावरचा,
जिथून आमच्या दवाखान्यात यायला
दोन बोटी आणि एक बस लागायची.

चाळीस वर्षं त्यानं तांब्याचे खिळे दातांत धरले,
एकेक जिभेनं पुढे सरकवून फळीत ठोकला.
खालच्या दोन दाढा कधी गेल्या, त्यालाही आठवेना.
पहिल्या दिवशी एक्स-रे बघून म्हणाला,
"जन्मभर दातांनी खिळे धरले.
आता खिळ्यांनी दात धरायचे."

एका बाजूला टायटॅनियम, दुसऱ्या बाजूला झिरकोनिया.
कुठे काय, ते बंद पाकिटात.
मी मोजणारी, म्हणून मला सांगायचं नाही,
आणि त्यालाही नाही.
तरी दर हिवाळ्यात तो गालावर बोट ठेवायचा:
"धातू डावीकडे आहे. वारा सुटला की आधी तिथे गार होतं."
"गप्प बसा," मी म्हणायचे, "माझा अभ्यास नासवाल."

हाड किती खाली सरकलं,
मिलिमीटरच्या दहाव्या भागात.
हिरडीतली खोली. रक्त येतं का: हो, नाही.
मग दांड्यानं हलकेच टक, टक.
हाडानं धरलं असेल तर आवाज खणखणीत,
नसेल तर बद्द.
तो डोळे मिटून ऐकायचा,
फळी ठोकून आतली कूज ओळखणाऱ्या कानानं,
आणि माझ्या आधी सांगायचा, "बसलाय."

हाडाला कुणी सांगत नाही की हे परकं आहे.
ते चाचपत येतं, आठवडेच्या आठवडे,
खरखरीत जागा शोधत.
गुळगुळीत स्क्रूवर ते नीट चढत नाही,
म्हणून आम्ही तो आधी आम्लात बुडवतो, ओरबाडतो,
मग माणसाच्या जबड्यात पाठवतो.
हाडीमाशी खिळणं म्हणतात,
ते मी रोज पडद्यावर पाहते, करड्या रंगात.

चौथ्या वर्षी उजव्या दाढेचा टवका उडाला.
फॉर्मवर तीन कारणं: अपघात, कठीण अन्न, दात खाणे.
त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं.
"मायरे गेली जानेवारीत.
रात्रभर दात खातो म्हणे मी.
कुणावर, ते कळत नाही."
फॉर्मवर त्याला जागा नव्हती.
नवी दाढ भट्टीतून आली, छटा जुळवून.
आरशात बघून म्हणाला, "ही माझ्याहून तरुण आहे,"
आणि पिशवीतून धुरी दिलेले मासे काढून
माझ्या टेबलावर ठेवले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

नवव्या वर्षी आला नाही.
दोन पत्रं टाकली, मग फोन केला.
मुलगी होती, तुउला.
"एप्रिलात गेले. बर्फ फुटत होता,
बोट चालेना, चालत यायचीही सोय नव्हती."
थोडं थांबून तिनं विचारलं,
"ते दोन... तुम्हाला परत द्यायचे होते का?
आम्ही पुरून टाकलं त्यांना."

"नाही," मी म्हटलं. "ते त्यांचेच."

आमच्या तक्त्यात जगणं म्हणजे स्क्रूचं जगणं.
शेवटच्या तपासणीला दोन्ही घट्ट होते,
म्हणून सदतीसच्या जागी रेघ खाली उतरत नाही.
तिच्यावर फक्त एक बारीक उभी खूण येते,
की इथवर पाहिलं, पुढचं माहीत नाही.

मग अभ्यास संपला, पाकिटं उघडली.
सदतीस: टायटॅनियम उजवीकडे.
म्हणजे नऊ हिवाळे हा माणूस
चुकीच्या बाजूनं गारठत होता.
मी हसले, एकटीच, एक्स-रेच्या खोलीत,
आणि सांगायला फोन उचलला होता
हे नंबर अर्धा फिरवल्यावर लक्षात आलं.