मनसरचा फाटा

सव्वाचारचा गजर वाजायच्या आधीच मी बंद करते.
हेमराज झोपेतच विचारतो, किती आज?
अठरा, मी म्हणते. त्याला ऐकू येतं आठ,
आणि तो कुशीवर वळतो. बरंच झालं.

मानेवाड्याच्या चौकातली कुत्री आता भुंकत नाहीत.
आधी आधी खिशात बिस्किटं ठेवावी लागायची.
त्यातलं एक, कान फाटलेलं,
तुकडोजी पुतळ्यापर्यंत सोबत पळतं
आणि तिथंच थांबतं. त्याची हद्द तेवढी.
त्याला ती ठाऊक आहे, हे किती चांगलं.

बावीस वर्षं मेडिकलला एक्स-रे काढते मी.
बावीस वर्षं लोकांना एकच सांगत आले :
हलू नका. श्वास रोखा. हलू नका.
सोडा.
गुडघे तर इतके पाहिले की चेहऱ्याआधी गुडघाच ओळखू येतो.
सांध्यातली फट बारीक होत होत
बंद दाराखालच्या उजेडाएवढी उरलेली.
डिसेंबरात एका दुपारी टेबल रिकामं होतं
तर लांजेवारला म्हटलं, माझा काढ.
फट होती. ऐसपैस.
फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय,
पुतणीच्या लग्नातल्या फोटोंच्या मधोमध.

सेमिनरी हिल्सच्या चढावर धुकं,
सागाची मोठी पानं दवानं जड होऊन
थाडकन पडतात, मागून कुणी आल्यासारखी.
गेटवरचा चौकीदार शाल तोंडावरून काढून विचारतो,
काऊन पळून राहिल्या बाई? कोणी मागं लागलं का?
कोणीच लागलं नाही भाऊ,
म्हणते, आणि दम लागल्यानं
वाक्य तिथंच राहतं.

बत्तीसचा रविवार.
वर्धा रोडनं मेट्रोचे खांब मोजत गेले,
विमानतळापुढे खांब संपले
आणि मोजायला काही उरलं नाही.
जामठ्याहून वळले तेव्हा ऊन वर आलं होतं.
सत्ताविसाव्याला पोटऱ्या दुसऱ्याच कुणाच्या झाल्या.
दुभाजकाच्या कडेला बसले, सरळ रस्त्यावर,
चव्वेचाळीस वर्षांची, दोन पोरींची आई,
आणि रडले. दुखत होतं म्हणून नाही.
नुसतंच आलं.
संत्र्यांच्या गाडीवाल्यानं एक सोलून हातावर ठेवलं,
फोडींवरचे दोरे काढून, लहान पोराला देतात तसं.
पैसे नव्हते जवळ.
उद्या द्या न, तो म्हणाला.
दुसऱ्या दिवशी गाडीवरून गेले तर तो नव्हता.
दहाची नोट अजून ट्रॅकपँटच्या खिशात आहे,
दोनदा धुतली गेली.

अंगठ्याचं नख काळं पडलंय.
थोरलीनं फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकात
शेवटचे पंधरा दिवस जवळजवळ रिकामे :
सहा. चार. विश्रांती. विश्रांती.
हे मात्र जमत नाहीये.
डोळे सव्वाचारला उघडतात ते उघडतातच.
पाय पांघरुणात आपले आपण चालू होतात
आणि मी पडल्या पडल्या त्यांना सांगते, हलू नका.
श्वास रोखा.
पेशंट किती चिडत असतील माझ्यावर, आत्ता कळतं.
खाली फाटक्या कानाचं एकदा भुंकतं.
मी नसले तरी ते पुतळ्यापर्यंत जाऊन येतं का,
विचारणार कुणाला?

बेचाळीस म्हणजे किती गं?
आईनं फोनवर विचारलं.
झिरो माइलवरून सांगून पाहिलं, कस्तुरचंद पार्कच्या फेऱ्यांत सांगून पाहिलं.
मग म्हटलं, आपली बस जिथं रामटेककडे वळते ना,
तो मनसरचा फाटा. नागपुराहून तिथपर्यंत.
पायी?
पळत.
बराच वेळ फोनमध्ये फक्त तिच्या घरचा पंखा.
थंडीतही लावते ती, डासांसाठी.
मग म्हणाली,
इतकी आलीच त मंग घरी ये न.
सहाकच किलोमीटर त राहते.