तेंगो आंब्रे

शनिवारी चार वाजता सोसायटीच्या ऑफिसात
पाणीबिलांचे गठ्ठे बाजूला सारून
मी सात मुलांना खायला शिकवते.
म्हणजे क्रियापदं. कोमेर, बेबेर, कोसिनार,
पेलार म्हणजे सोलणे, प्रोबार म्हणजे चव बघणे.
फळ्यावरचं कोर्तार पुसताना दर वेळी
खालची थकबाकीदारांची यादी
थोडी थोडी पुसली जाते.

आज भूक.
मराठीत ती लागते,
ठेच लागावी तशी, नाद लागावा तशी.
स्पॅनिशमध्ये ती जवळ असते,
खिशातल्या रुमालासारखी.
तेंगो आंब्रे. माझ्याकडे भूक आहे.
पहिलं अक्षर लिहायचं, उच्चारायचं नाही, म्हणाले मी,
तोवर कैवल्य हसत हसत टेबलाखाली.
कारण आमचे सेक्रेटरी, आंब्रे.
लिफ्टमध्ये कुणी गायलं तरी नोटीस लावणारे.
तेंगो आंब्रे! तेंगो आंब्रे!
सात तोंडं, चौथ्या मजल्यापर्यंत आवाज.
खिडकीतून चष्मा डोकावला,
"काय, मला बोलावलं?"

गुस्तार मात्र अडलं.
सहा वह्यांत 'यो गुस्तो', इंग्रजी शाळेचा वळसा घेऊन आलेलं.
अरे, घरी भांडता तसं बोला ना, म्हटलं.
मला द्राक्षं आवडतात. करतंय कोण? द्राक्षं.
आपण आपले 'मला'पाशी उभे, ताट पुढे करून.
मे गुस्तान. बघा, आलंच होतं तुम्हाला.

सातवी वही दर्पणा कोळीची.
दिवाळे गाव, महापालिकेची शाळा.
तिची आई बुधवारी-शुक्रवारी आमच्या गेटवर टोपली उतरवते,
फीचं काय ठरलंय ते आमच्या दोघींत.
शेवटी दोन शब्द लिहिले मी, पेस आणि पेस्कादो.
दोन्ही म्हणजे मासा.
"मग दोन कशाला?" स्वरांगीला पाठांतराचा कंटाळा.
त्याचं असं आहे, पाण्यात असतो तेव्हा,
मी हाताने मासा पोहवायला लागले,
आणि दर्पणा म्हणाली,
"सोपंय की. तो मासा.
न् टोपलीत आला का म्हावरा."

मी खडू खाली ठेवला.
चार वर्षं महापेला रात्रपाळी, दोन सर्टिफिकेटं,
आणि हे मला कधी सुचलं नव्हतं.
पेस्कादो, म्हणजे धरलेला. क्रियापदच मुळात,
जाळ्यात सापडून नाम झालेलं.
"कोणी धरला ते नाही सांगत का शब्द?"
नाही सांगत.
तिने समासात लिहून ठेवलं, पप्पांनी.

भूतकाळ अजून महिनाभर लांब आहे.
पण एक वाक्य मी आजच देऊन टाकलं, नियम न सांगता.
कंपनीत असताना, पहाटेचे तीन,
पुएब्लाहून एक बाई फ्रिजची तक्रार सांगत होत्या.
तिथे दुपार. मी नंबर वाचत होते, नऊ, नऊ, शून्य,
त्यांनी मध्येच थांबवलं.
या कोमिस्ते, मिहा?
जेवलीस का गं पोरी?
समोरच्या कागदावर
याचं उत्तर छापलेलं नव्हतं.
मी गप्प राहिले बारा सेकंद,
रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी माझे गुण कापले.
मुलांना गुणांचं सांगितलं नाही.
म्हटलं, हे नुसतं विचारायचं असतं.

सहाला सगळी पळाली.
दर्पणा चपला शोधत मागे राहिली,
मग काळ्या पिशवीत बांधलेली करंदी
थकबाकीच्या रजिस्टरवर ठेवून,
दारातून वळून,
"या कोमिस्ते?"

बाईंना 'तू' म्हणत नाहीत.
तिथे दुसरं रूप लागतं, कोमिओ.
मी दुरुस्त केलं नाही.
तोदाविया नो, म्हटलं.
अजून नाही गं.