शेपटाची जागा

पाची बोटं सारखी नसतात म्हणतात.
माझी तर पाचही नाहीत.
उजवी करंगळी दुआर्नेनेच्या कारखान्यात राहिली,
तारलीचे डबे मिटवणाऱ्या यंत्रात,
एका मंगळवारी,
कॉफीच्या सुट्टीला चार मिनिटं असताना.

विम्याच्या तक्त्यात प्रत्येक बोटाला भाव असतो.
करंगळी सगळ्यात स्वस्त.
आलेल्या पैशांतून मी कपडे धुण्याचं यंत्र घेतलं.

आता, आमच्याकडचा नाच नेमका करंगळीवर उभा.
आन द्रो म्हणतात त्याला, म्हणजे वळसा.
शेजाऱ्याच्या करंगळीत करंगळी अडकवायची,
हात पुढे लाटायचे, परत आणायचे,
आणि अख्खी रांग खांद्याला खांदा लावून
डावीकडे सरकत राहते,
ओहोटीनंतर पाणी चढतं तशी, घाई न करता.
मिठी नाही. हातात हात नाही.
फक्त ते सगळ्यात स्वस्त बोट.

अकरा वर्षं मी गेलो नाही.
शनिवारी रात्री सभागृहाबाहेर गाडी लावून
काच दोन बोटं खाली करून ऐकायचो.
कोणी हटकलंच तर,
आईला औषध द्यायचंय, निघतो.
मग आई गेली
आणि सांगायला काहीच उरलं नाही.

साखळीला दोन टोकं असतात.
डाव्या टोकाचा माणूस नेतो, त्याला वाट ठाऊक हवी.
उजव्या टोकाला जो असतो
त्याचा उजवा हात रिकामा.
ती जागा मी हेरली.
खुंट पाठीशी, शर्टाखाली सरकवलेला,
आणि डावी करंगळी ज्याच्या वाट्याला येईल त्याची:
कधी पोस्टातला मालो, त्याचा हात कायम ओला,
कधी बेकरीतली रोझेन, जळल्याच्या डागांची.
मागे कोणी जोडायला आलं
की मला तहान लागायची.

मंचावर सेवेरिन आणि तिची भाची.
वाद्य नाही, नुसता गळा.
एकीची ओळ संपायच्या आत
दुसरी शेवटचे दोन शब्द तिच्यासोबत उचलते
आणि ओळ अंगावर घेते.
मध्ये फट नाही.
हे मी गाडीतून अकरा वर्षं ऐकलं होतं.
पहिली श्वास कधी घेते
ते मात्र आत आल्यावर दिसलं.

फेब्रुवारीत, वादळाच्या शनिवारी
वीज दोनदा गेली, गाणं गेलं नाही.
सोएझिग उशिरा आली,
सत्तरी ओलांडलेली, रबरी बुटांना मळ्यातला चिखल.
तहान लागायला मला वेळच मिळाला नाही.
पाठीमागचा हात तिने ओढून घेतला,
करंगळी शोधली.
तिचं बोट त्या खुंटावरून एकदा फिरलं,
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं,
आणि शेजारच्या बोटात अडकलं.
बस.
ती पलीकडच्या कुणाला तरी
जावयाच्या नव्या गाडीबद्दल सांगत होती,
ते वाक्यही तुटलं नाही.

मला रडू आलं असं मी म्हणणार नाही.
आठ ठेक्यांचे नऊ झाले माझे, एवढं खरं.
"गुल्वेन," ती म्हणाली, "डावीकडे."

तिच्या मागे मग सात जण जोडले गेले.
कोण कोण, मला दिसत नव्हतं.
पण शेवटच्या माणसाने हात लाटला
की त्याचा धक्का हळूहळू
माझ्या चौथ्या बोटापर्यंत यायचा,
आणि मी तो पुढे द्यायचो.

मे महिन्यात ते धुण्याचं यंत्र बंद पडलं.
मालो न सांगता आला,
जमिनीवर पालथा पडून पट्टा बदलला,
माझ्या हाताकडे पाहिलं, मग यंत्राकडे.
"चांगलं टिकलं," म्हणाला.
पैसे काढले तर खिसा मिटून घेतला.
"शनिवारी लवकर ये.
खुर्च्या उचलायच्या आहेत."