क्रमांक ११७, प्रश्न नववा

थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात बेचाळीस बाटल्या,
हुपरीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टर म्हणाला, खरवस हाय काय ताई?
मी म्हटलं, लघवी.
शाहू नाक्यापर्यंत शेजारची सीट रिकामी.

विद्यापीठात, मोर ओरडतात त्या बाजूला,
सुकन्या बरगाले ज्योत लावते, नमुना फवारते.
बघ, म्हणते, प्रत्येक धातू
फक्त आपल्या ओळखीचाच प्रकाश पितो.
पलीकडं जेवढा कमी पोचला तेवढा कॅडमियम आत.
सरळ हिशेब.

क्रमांक ११७.
नाव लिहायचं नाही असा नियम,
म्हणून इथंही लिहीत नाही.
वय एकेचाळीस. वीस वर्षं पैंजणाला डाग मारते,
जिन्याखालच्या खोलीत, दार लावून,
वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून.
डाग म्हणजे सांधा. डाग म्हणजे दागिनाही.
तिसरा अर्थ तिनं मनगट पुढं करून दाखवला.

प्रश्नावली पुण्याहून मराठी होऊन आलेली.
'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस खिन्नता जाणवली का?'
खिन्नता म्हंजे?
करमत नाही, जीव लागत नाही, तसं.
न करमायला काय झालंय, ती म्हणाली,
पोरं हायेत, टीव्ही हाय, सासू बी बरी हाय.
फकस्त, घुंगरात दाणा टाकायचा ऱ्हायला की कसं,
हालतंय समदं. वाजत न्हाई.

पर्याय चार होते:
मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज.
मी समासात पेन्सिलनं लिहिलं:
घुंगरू. दाणा नाही.

नववा प्रश्न, आपण मेलेलं बरं असं वाटतं का, हा.
हळू वाचला.
तिनं फुंकणी उचलली, ठेवली.
फळीवर तेजाबाची बाटली होती, निळ्या बुचाची.
तिकडं ती बघत नव्हती.
इतकी नीट बघत नव्हती
की मला ती बाटली दिसली.
फुडचं इचारा, म्हणाली.
पुढचं नव्हतंच.
नियमाप्रमाणं सीपीआरच्या समुपदेशकाचा नंबर छापलेला कागद दिला.
तिनं त्यावर घुंगरं ओतली, मोजायला.

मकानदार सर म्हणाले, समासाला कोड नसतो. दोन टाक.
आणि नववा? रिकामा आहे सर.
तेव्हा त्यांनी खुर्ची वळवली.
माणूस चांगला, शिकवायला लागला की आवाज खाली येतो.
गहाळ माहिती तीन जातींची, म्हणाले.
एक अशीच हरवते. पान भिजलं, पेन संपलं.
दुसरीचा माग बाकीच्या रकान्यांत सापडतो.
तिसरी,
बाहेर मोर ओरडला,
तिसरी जी आहे, ती आहे म्हणूनच सांगितली जात नाही.
ती ओळखायची कशी?
आकड्यांतून नाही ओळखता येत.
आपण दुसरी आहे असं धरून चालतो.

मग यंत्रानं तिच्यासारख्या बायका हुडकल्या
आणि त्यांच्यावरून तिचं उत्तर भरलं:
शून्य पूर्णांक चार.
मरावंसं वाटणं, शून्य पूर्णांक चार.

निबंध छापून आला. धातू आणि खिन्नता यांचा संबंध
'सूचक, पण सिद्ध नाही'.
दोन शतांशांनी हुकला. सुकन्या दिवसभर बोलली नाही.
आभारात माझं नाव, आडनाव चुकलेलं.

गुरुवारी हुपरीला गेले. डबा नाही, फॉर्म नाही.
माझ्यात काय निघालं, तिनं विचारलं.
वैयक्तिक आकडा सांगायचा नाही असा नियम.
सांगितला.
लई हाय?
हाय, मी म्हटलं. मी कधी 'हाय' म्हणत नाही.

ती उठली, छोटी ऐरण सरकवून
दार उघडं अडकवलं.
ज्योत हलली, हलत राहिली.
बस, म्हणाली,
ते नववं काय हुतं,
परत वाच.