छाट कोण काढतं

साखर पेठेत, जिन्याखालच्या माझ्या ऑफिसात
पंखा लावला की चलनं उडतात,
म्हणून गठ्ठ्यावर ठेवलाय
बंद पडलेल्या मागाचा एक धोटा.

तिथं एका मंगळवारी उट्रेख्टहून मेल आला:
तुमच्या देशात आम्हाला एक माणूस घ्यायचाय.
आमची तिथं ना कंपनी, ना खातं, ना पाटी.
कंत्राटदार म्हणून घेतलं
तर कायद्यात बसेल ना?

माणूस म्हणजे श्रीलता गुंडला, राहणार विडी घरकुल.
जहाजं कुठल्या बंदरात कधी लागणार
याचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिते.
होटगी तलावाहून मोठं पाणी
तिनं पाहिलेलं नाही.

आणि कंत्राटदार!
आमच्याकडं कंत्राटदार म्हणजे
पांढरे बूट, डांबराचा वास, नगरसेवकाचा मेहुणा.
ही तर स्टुलावर अंग चोरून बसलेली,
सोबत आई, बालमणी,
बोटांच्या टोकांना तंबाखूचा तो रंग
जो कुठल्याच साबणाला दाद देत नाही.

मी यादीतले प्रश्न वाचायला लागलो.
वेळ कोण ठरवतं?
"तेच. दुपारी दीड ते रात्री साडेदहा.
त्यांनी घड्याळ बदललं की साडेबारा."
लॅपटॉप?
"त्यांचा. कस्टमचे पैसेही त्यांनीच भरले."
दुसरीकडचं काम घेता येतं?
"विचारून."
रजा?
"विचारूनच की."

इतका वेळ गप्प असलेली बालमणी म्हणाली,
"छाट कोण काढतंय वो?"

मी पेन खाली ठेवलं.

हजार विड्या मोजून घेतात,
त्यातल्या शंभरेक बाजूला फेकतात,
ही ढिली, ही वाकडी, हिचं पान फाटलेलं.
फेकणारा हात ज्याचा, मालक तो.
मग तुम्ही उंबऱ्यात वळा, टीव्हीसमोर वळा,
अंगात ताप घेऊन वळा.
एवढी एक गोष्ट कबूल करून घेऊन
कार्डावर पीएफचा नंबर पडायला
बालमणीला अकरा वर्षं लागली होती.

"माझी छाट येरून काढतो," श्रीलता म्हणाली.
"शुक्रवारी. लाल रंगात."
"मग तू कंत्राटदार कशी गं?"

छाटेला इंग्रजीत शब्द सापडेना.
शेवटी लिहिलं: महाशय,
काम नापास करायचा हक्क तुम्हाला हवाय,
तर मस्टरवर नावही लागेल.
इथं नोंदलेली एखादी कंपनी मधे घ्या,
ती हिला नोकरीवर ठेवेल,
पीएफ, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा, प्रोफेशन टॅक्स,
सगळं ती बघेल, तुम्ही बिल भरा.
महाग पडेल.
उद्या कुणी दप्तर तपासलं तर जे पडेल
त्याहून स्वस्त.

सहा दिवस उत्तर नाही.
मला वाटलं, गेली पोरगी.
आमच्या धंद्यात ही भीती कायमची:
कागद चोख, माणूस घरी.
मनिलात, सोफियात, कुठंही
प्रश्न न विचारणारा सल्लागार मिळतोच.
दोन रात्री मी माझ्याच मेलमधली
"मस्टर" ची ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

सातव्या दिवशी त्यांची वकीलबाई:
मान्य. सुट्ट्यांची यादी पाठवा.

पाठवली. सव्वीस जानेवारी, एक मे वगैरे,
आणि तळाला माझ्या पदरची दोन:
गड्ड्याचा एक दिवस,
नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ.
तिनं विचारलं, कायद्यानं बंधनकारक?
नाही, मी कळवलं. पण रस्ता बंद असतो.

नंबर आला. बारा आकडे.
"कागदावर लिहून द्या," बालमणी म्हणाली.
अम्मा, फोनमध्ये आहे.
"फोन हरवतोय."
तिनं कागदाची घडी केली,
स्वतःच्या कार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवली,
आणि दारातून वळून विचारलं,

"त्या येरूनची छाट कोण काढतंय?"

मला माहीत नव्हतं.