किल्लेदारीण

खोर्शेदबाईंची चाकाची खुर्ची ढकलत
मी इंग्लंडातला एक किल्ला पाहिला आहे.
लेकीकडे निघाल्या होत्या त्या, श्रॉपशरला,
सोबत मी, त्यांच्या गोळ्या, बीपीचं मशीन,
आणि पासपोर्टावर पहिल्यांदाच अख्खं छापलेलं नाव:
शेवंता बाळकृष्ण आयरे.

गाव कसलं, नुसतं हिरवं रान आणि मेंढ्या,
मधोमध तो,
डबक्यात बसकण मारलेल्या म्हशीसारखा.
तिकीट नऊ पौंड.
मी मनात गुणाकार केला
आणि पाय जपून टाकू लागले.

लोकरी टोपीतला म्हातारा गाइड
भिंतीतलं एक भोक दाखवून म्हणाला,
हा इथल्या सरदाराचा संडास.
सगळं खाली, थेट खंदकात.
माणसं वाकून वाकून बघत होती, फोटो काढत होती.
मला हसू फुटलं, आवरेना.
"सूं थयूं?" बाई म्हणाल्या. "काय हसते तू?"
काही नाही, म्हटलं.
कसं सांगू, की बाई,
आमचं थेट समुद्रात जायचं.

माहीमच्या किल्ल्यात जन्मले मी.
तटाला पाठ लावून उभी दहा बाय अकराची खोली.
तीन भिंती बाबांच्या, पत्र्याच्या नि प्लायच्या.
चौथी आयती मिळाली,
हातभर नाही, चांगली वावभर जाड.
तिच्यात खिळा ठोकताना दोन हातोड्या मोडल्या,
शेवटी दगडांच्या सांध्यात एक शिरला,
त्यावर घड्याळ.
आई तिला सरकारी भिंत म्हणायची
आणि दिवाळीला तेवढी सोडून बाकीच्या रंगवायची.
भरतीला पलीकडून लाट बसली
की मांडणीतले पेले किणकिणायचे,
घड्याळ बंद असलं तरी आईला वेळ कळायची.
ऊठ, नळाला पाणी येईल.

गाइड मोठ्या चुलीपाशी थांबला.
शेवटचं घराणं इथून गेलं, तो म्हणाला,
त्याला आता साडेतीनशे वर्षं झाली.
त्यांच्यातली कोणी एक, सातासमुद्रापलीकडून,
मागे आली होती,
इथेच उभी राहून रडली.
सगळे गप्प झाले.
कोणीतरी टोपी काढली.
बाईंनी डोळे पुसले, पण ते तसे नेहमीच गळतात.

आम्हाला तीनशे वर्षं नाही लागली.
लाल रंगाचा नंबर दारावर,
कागद, अंगठे, झेरॉक्स, पुन्हा झेरॉक्स,
मग टेम्पो, मग मालाड, सातवा मजला.
पहिल्या रात्री आई उठून बसली,
भिंतीवर बोटांनी टकटक केली,
म्हणाली, पोकळ आहे गं.

गेल्या रविवारी गेले होते.
रेतीबंदरच्या बाजूने, चपला हातात धरून.
तट उघडा पडलाय,
डॉक्टरसमोर सदरा काढून बसलेल्या माणसासारखा.
एकीकडे काजळीचा पट्टा, तो सुभद्राकाकूंच्या स्टोव्हचा.
त्याच्यावर निळा चौकोन, झुबेरचं घर,
ते लोक सरकारी भिंतही रंगवायचे.
आणि आमचा खिळा.
गंजलाय, पण आहे.

दोरीपाशी वॉचमन. "काम चालूय. आत नाही जायचं."
मी इथे राहायचे.
"सगळे तेच सांगतात. सकाळपासून तुम्ही तिसऱ्या."
मी तशीच उभी राहिले.
त्याने तंबाखू मळली, चिमूट ओठाआड ठेवली,
आणि मग हळूच विचारलं, कुठली खोली?
मी बोट दाखवलं.
"तिथे तिकीटघर होणार म्हणतात."
कितीचं तिकीट?
ते त्याला माहीत नव्हतं.

मागे पाणी चढत होतं.
लाट बसली की तट आतून जरासा हलतो,
पण ते तळहात टेकवल्याशिवाय कळत नाही,
आणि मध्ये दोरी होती.